आमचा वसंत भाद्रपदात येतो
(द्वितीय वर्ष, कला)

वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो, हे आपण सारे प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. सहा ऋतूंत पहिला वसंत, आणि वसंत म्हटला की कोकिळा, आम्रमोहर, फुलांचे ताटवे हे ओघाने आलेच. निबंधाला हमखास पडणारा विषय. हे सगळे खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. निदान आमच्या मराठीच्या सरांपुढे तरी नाहीच. पण त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत मी वाढले. खरे सांगायचे तर चैत्रात आमचा डोंगर काळा-तपकिरी असतो. गवत चरून, वाळून, कुठे जळून गेलेले असते. विहिरीचा तळ दिसू लागतो आणि बायका हंडे घेऊन लांब लांब जातात. जमिनीवरच्या फुलांचे विचाराल, तर आमचा वसंत भाद्रपदात येतो. श्रावणात त्याची चाहूल लागते, आश्विनात तो उतरणीला लागतो आणि दिवाळीचे दिवे लागेपर्यंत संपलेला असतो.

हे लिहायला निमित्त असे की, आपल्याकडे फुले पाहायला जायचे म्हटले की एकच नाव निघते: कास. आमच्या वर्गातही निघाले. साताऱ्याजवळचे हे पठार मोठे सुंदर आहे, यात वाद नाही. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात महाराष्ट्रातील चार ठिकाणे होती. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. तेव्हापासून तिथे इतकी गर्दी लोटू लागली की दिवसाला किती माणसे सोडायची याची मर्यादा घालावी लागली, ऑनलाइन नोंदणी आली, प्रवेशशुल्क आले. कुंपण असावे की नसावे, यावरही पुष्कळ वाद झाला. आसपासच्या गावांची समिती तिथली व्यवस्था पाहते, ही मात्र मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. पण नाशिकच्या विद्यार्थ्याने रात्रभर गाडीत अंग आंबवून साताऱ्याला जावे, आणि सकाळी रांगेत उभे राहून जे पाहावे, त्यातले निम्मेअधिक त्याच्या घरापासून तासाभरावर असावे, याला काय म्हणावे?

ही गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "फुलं पाह्याला पैसे देता का लोक?" मी म्हटले, हो, शिवाय आधी नाव नोंदवावे लागते. ती बराच वेळ हसत होती.

आता तासाभरावर काय आहे ते सांगते. त्र्यंबक रस्त्याने एस.टी. किंवा सिटीलिंकच्या बसने निघालात की वीस किलोमीटरच्या आसपास अंजनेरी फाटा येतो. अंजनेरी हे हनुमंताचे जन्मस्थान म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पायथ्याशी जुनी जैन मंदिरे आहेत, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. पायऱ्या चढून वर गेले की मोठे पठार लागते. उन्हाळ्यात हे पठार म्हणजे निव्वळ कातळ. तापलेल्या तव्यासारखा. माती असलीच तर दोन बोटे, आणि पाणी कुठेच नाही. वर्षातले आठ महिने ते वाळवंटच असते असे मी म्हणते, आणि हे शब्दशः घ्यावे. आषाढात त्यावरून पाण्याचे पाट वाहतात, आणि श्रावणाच्या उत्तरार्धापासून तो कातळ फुलू लागतो.

भूगोलाच्या तासाला वाळवंटांचा पाठ चालू होता तेव्हा मला सारखी अंजनेरी आठवत होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली हे जगातील अत्यंत उष्ण आणि कोरड्या ठिकाणांपैकी एक. वर्षाकाठी जेमतेम दोन इंच पाऊस. पण हिवाळ्यात पाऊस नीट झाला तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिथली उघडी जमीन पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जाते. २००५ आणि २०१६ साली असा मोठा बहर आला होता. तिथल्या अनेक वनस्पतींचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. बियांच्या सालीत रुजवण रोखून धरणारी द्रव्ये असतात. ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाला तरच बी रुजते. थोड्याशा शिडकाव्याला ते फसत नाही. म्हणजे एवढ्याशा बियाला जो व्यवहार कळतो तो मृगाच्या पहिल्या सरीला पेरणी करून बसणाऱ्या माणसाला कधी कधी कळत नाही, असे म्हणायला हरकत नाही. (वडील हा अंक वाचणार नाहीत, म्हणून हे लिहिले.)

आपल्या कातळावरच्या झाडांची युक्ती थोडी निराळी. पाऊस इथे हुलकावणी देतो, पण वाळवंटातल्यासारखा वर्षानुवर्षे दडी मारत नाही. म्हणून ती चार महिन्यांतच जन्म, लग्न आणि बारसे उरकून घेतात. काही बियांच्या रूपाने, काही कंदाच्या रूपाने उरलेले आठ महिने जमिनीखाली काढतात. मातीत पोषण नाही म्हणून काहींनी तर शिकार पत्करली आहे. 'सीतेची आसवे' हे किती हळवे नाव! जांभळी, नाजूक, पाणथळ कातळावर गालिच्यासारखी पसरणारी ही फुले. पण या वनस्पतीला जमिनीखाली इवल्या पिशव्या असतात आणि त्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेऊन पचवते. तिच्या शेजारीच दवबिंदू असतो. त्याच्या पानांवरचे थेंब दवाचे नसून चिकट द्रवाचे असतात, आणि त्यावर बसलेला किडा परत उडत नाही. कंदीलपुष्पाचा तऱ्हा आणखी गमतीची. कंदिलासारख्या फुलाच्या नळीत बारीक माशी शिरते, आतल्या केसांमुळे तिला मागे फिरता येत नाही. परागकणांचे काम झाले की ते केस सुकतात आणि माशी सुटते. या कंदीलपुष्पाच्या एका जातीला 'सिरोपेजिया अंजनेरिका' असे नाव आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतीशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन करून आमच्या डोंगराचे नाव जगाच्या पुस्तकात घातले. ज्या डोंगराच्या नावाची एक वनस्पती आहे त्या डोंगरावर आपल्यातले किती जण गेले आहेत? गेले असतील तर हनुमान जयंतीला, म्हणजे नेमके कातळ तापलेला असताना.

कुठे आणि केव्हा जावे, हे मला विचारणारे पुष्कळ भेटतात, कारण खोलीवरच्या मैत्रिणींनी मी 'डोंगरातली' आहे अशी हाकाटी केली आहे. तर ऐका. पहिल्या पावसानंतर जूनअखेरीस जंगलाच्या कडेने फोडशीची पांढरी फुले येतात. त्यानंतर गवतातल्या आमऱ्या, म्हणजे जमिनीवरची ऑर्किडे. श्रावणात चवर वर येते. हळदीच्या कुळातली, पानांच्या गर्दीतून डोके काढणारी. गौरी-गणपतीच्या सुमारास तेरडा सगळीकडे गुलाबी करून टाकतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात, ते माणसांच्या बाबतीत खरे असेल. डोंगरावर तो चांगला महिनाभर टिकतो. गौरीच्या पूजेतल्या तेरड्याला गौरीच्या तीन दिवसांचा हिशेब लागला असावा, असा आपला माझा तर्क. कातळावरची सीतेची आसवे आणि गेंदाची पांढरी बटणे याच काळातली. सप्टेंबरच्या मध्यापासून सोनकी. ती पाहायची तर घोटीवरून भंडारदरा-घाटघरकडे किंवा कळसूबाईच्या वाटेला जावे. उतारच्या उतार पिवळे होतात.

पण एक सांगून ठेवते. त्या पिवळ्यात सगळीच सोनकी नसते. उतारावर चौकोनी तुकड्यात, ओळीत पिवळे दिसले तर ती खुरासणी असते. तेलबी आहे ती. कोणाच्या तरी कष्टाची आहे. दरवर्षी आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला गाड्या थांबतात, माणसे शेतात शिरून फोटो काढतात आणि "किती सुंदर वाइल्ड फ्लॉवर्स" असे म्हणत पुढे जातात. मागे आडवी झालेली खुरासणी राहते. त्यांच्याशी भांडायला चुलती एकदा काठी घेऊन गेली होती, तर तिचाही फोटो काढला.

कारवीचे वेगळे सांगायला हवे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, एकदम सगळा डोंगर निळा-जांभळा करते, आणि बी धरून मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली आणि पुन्हा २०२४ साली. प्रत्येक डोंगराचे वर्ष वेगळे असू शकते. शहरात ही नवलाची बातमी होते. आमच्याकडे कारवी म्हणजे घराची भिंत. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. माझे बालपण अशाच कुडाआड गेले. म्हणजे जी वनस्पती पाहायला लोक आठ वर्षे थांबतात तिच्या आत मी अभ्यास केला आहे!

येवल्याची माझी मैत्रीण यावर नेहमी हिरमुसते. "तुमच्याकडे पाऊस आहे बाई, आमच्याकडे कसली फुले?" इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच जिल्ह्यात येवला-मालेगावकडे पाचशे-सहाशेच्या घरात, तेव्हा तिचे म्हणणे वावगे नाही. पण खरे वाळवंटी फूल पाहायचे तर तिच्याचकडे जायला हवे. ममदापूरच्या माळावर काळवीट पाहायला लोक जातात. पाऊस झालेल्या वर्षी भाद्रपदात त्याच माळावर गुडघे टेकून पाहावे. गवताच्या बुडाशी नखाएवढी फुले असतात. आणि तरवड! त्याला कोणी फूल म्हणतच नाही. दुष्काळातही पिवळा राहणारा तरवड नवरात्रात घटावरच्या माळेत जाऊन बसतो. देवीला तो चालतो, आपल्याला फोटोत चालत नाही. चैत्राच्या वसंताचा मान मी अगदीच नाकारीत नाही. २७ फेब्रुवारीला आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्याच सुमारास पेठ-हरसूलच्या रस्त्याला पळस पेटलेला असतो, पांगारा आणि काटेसावर त्याच्या जोडीला. मात्र ते झाडांचे फुलणे झाले. झाडाची मुळे खोल, त्याला साठवलेल्या पाण्यावर फुलता येते. मुळे वरवरची असलेल्यांचा वसंत पावसाच्या मागोमागच यावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

कासच्या पठारावर 'मिकी माऊस' नावाचे एक फूल पर्यटकांना दाखवतात. पिवळे, दोन कान वर केलेले, कपाळावर तांबडे ठिपके. मला मोबाइलवर त्याचा फोटो दाखवण्यात आला तेव्हा मी म्हटले, "अगं, हा तर कवला!" कवल्याची कोवळी पाने आई श्रावणात खुडून आणते, लसूण घालून भाजी करते. फोडशीचेही तेच, ती जूनमध्ये कोवळी असताना खायची. भारंगीच्या तर फुलांचीच भाजी होते. गंमत अशी की आईच्या दृष्टीने फूल येणे ही काही आनंदाची गोष्ट नाही. फूल आले म्हणजे भाजी निबर झाली, आता ती सोडून द्यायची. ती डोंगरावर जाते फुलांच्या आधी, आणि शहरातली मंडळी जातात फुलांच्या वेळी. दोघांची डोंगरावर गाठ पडत नाही. म्हणून आईला ठाऊक असलेली नावे शहरापर्यंत पोहोचली नाहीत, आणि शहराने परदेशी उंदराचे नाव ठेवून दिले.

आपल्या ग्रंथालयात मी शोधले. १९९१ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 'फ्लोरा ऑफ नाशिक डिस्ट्रिक्ट' हा ग्रंथ काढला आहे. जिल्ह्यातल्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद. त्याआधी, १९०१ ते १९०८ या काळात, थिओडोर कुक यांनी सबंध मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. अलीकडे, २००१ साली, श्रीकांत इंगळहळीकर यांचे 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' आले. पेशाने अभियंता असलेल्या माणसाने केवढे हे काम केले! ही मोठी माणसे आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण ही पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि ज्या बाईने कवला आयुष्यभर खुडला तिला ती वाचता येत नाहीत. आणि तिला जे ठाऊक आहे, कोणता कंद किती वेळा उकडून खायचा, कोणता खाल्ला तर घसा खाजतो, कोणते पान गुरे तोंडात धरत नाहीत, ते बरेचसे कुठेच लिहिलेले नाही. मध्ये मी उभी आहे. मला लॅटिन नावे नीट उच्चारता येत नाहीत आणि आजीची सगळी नावे आठवत नाहीत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या मागच्या दोन चुलत बहिणी शाळेच्या वसतिगृहात वाढत आहेत. त्या पावसाळ्यात डोंगरावर नसतात. दसऱ्यानंतर आमची निम्मी वाडी द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे निघून जाते, ऐन सोनकी-कारवीच्या दिवसांत. तेव्हा नावे सांगणार कोण आणि ऐकणार कोण? आजीचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

दुसरी गोष्ट कातळाची. अंजनेरीला 'संवर्धन राखीव' असा दर्जा आहे. तरीही वर गाडीरस्ता न्यावा असा प्रस्ताव मागे आला. पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. मग ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेची चर्चा झाली; त्यालाही विरोध झाला. रस्ता म्हटला की आमच्या गावची माणसे हरखतात, हे मी लपवणार नाही. आजाऱ्याला डोलीत घालून नेलेले ज्यांनी पाहिले आहे ती रस्त्याला नको म्हणणार नाहीत, आणि शहरात बसून त्यांना निसर्गाचे धडे देणाऱ्यांचा मला राग येतो. पण रस्ता हवा आहे वाडीला, पठाराला नव्हे. पठारावर कोणी राहत नाही. तिथला रस्ता वाडीच्या डोक्यावरून जाईल आणि आमच्या बायका खालीच चालत राहतील. दोन बोटे मातीवर एकदा चाक फिरले की पुढच्या भाद्रपदात तिथे काय उगवायचे? कॅलिफोर्नियात २०१९ साली लेक एल्सिनोर या गावाजवळच्या टेकड्यांवर नारिंगी पॉपी फुलली, तेव्हा फोटोसाठी इतके लोक लोटले की गावच्या वाहतुकीचा बोजवारा उडाला, फुले तुडवली गेली आणि काही काळ टेकड्यांचा रस्ताच बंद करावा लागला. त्या देशात शिस्त आहे म्हणतात, तिथे ही कथा. आपल्याकडे रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

"मग तू लोकांना बोलावतेस कशाला? लेख लिहिलास म्हणजे आणखी पन्नास जण जाणार," असे आमच्या एका मित्राने मला उपहारगृहात ऐकवले. आक्षेप बिनतोड आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला. माझे उत्तर असे की, न पाहिलेल्या गोष्टीच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. प्रस्ताव पुन्हा येतील. २०२७ सालच्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक-त्र्यंबकला रस्त्यांचा विषय तर घरोघरी निघाला. त्या वेळी 'वर नुसता दगड आहे' असे कोणी म्हटले, तर 'नाही, भाद्रपदात येऊन बघा' असे म्हणणारे पन्नास जण या शहरात असलेले मला हवे आहेत. पाचशे नकोत.

प्राध्यापकवर्गाला माझी विनंती अशी. पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षा नेमक्या गौरी-गणपतीनंतरच्या पंधरवड्यात ठेवल्या जातात; त्या आठवडाभर मागे-पुढे झाल्या तर विद्यापीठाचे आकाश कोसळणार नाही. सहल जानेवारीत काढतात, त्याऐवजी एक तरी सप्टेंबरात काढावी. आणि मराठी, भूगोल व वनस्पतीशास्त्र या तीन विभागांनी मिळून एक साधी वही ठेवावी. तारीख, ठिकाण, फुलाचे चित्र, शास्त्रीय नाव, आणि समोर गावातले नाव, ते सांगणाऱ्या बाईच्या नावासह. एका फुलाला दोन गावांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत. भाषेच्या विद्यार्थ्यांना यात किती काम आहे ते त्यांनीच पाहावे. आमच्यासारखी जी मुले-मुली पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकहून येतात त्यांना वर्गात बोलायला विषय सापडत नाही असे म्हणतात. या विषयावर आम्ही पुष्कळ बोलू.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. दिवाळीच्या सुटीत आजीपाशी बसून एकतीस नावे लिहून घेतली. त्यातल्या चौदांना ग्रंथालयातल्या पुस्तकात जोडीदार सापडला. बाकीच्यांसाठी पुढच्या पावसाळ्यात ती झाडेच दाखवायला आजी येणार आहे, गुडघे चालले तर. ज्यांना आमच्याबरोबर यायचे असेल त्यांनी गौरीविसर्जनानंतरच्या आठवड्यात यावे, पण रविवार सोडून. सकाळी सातची बस धरावी, कारण दहानंतर धुके चढते आणि काही दिसत नाही. डबा घरून आणावा, कागद-पिशव्या परत न्याव्यात. फूल तोडायचे नाही. पाहायचे तर बसून पाहायचे, बहुतेक फुले बोटाएवढीच असतात. वाटेवरून चालावे, आणि चपला घालून येऊ नये. ओला कातळ फार निसरडा असतो.